फिरत्या टाकीतले पाणी : वैतरणा खोऱ्याच्या निमित्ताने एक आढावा

पिण्याच्या पाण्याची चर्चा सहसा धरण, विहीर, शुद्धीकरण केंद्र आणि नळ या चार ठिकाणांभोवती फिरते. पाणी नळातून बाहेर पडून एखाद्या टाकीत भरले गेले आणि ती टाकी जागची हलली की पुढे त्या पाण्याचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून डहाणू-बोर्डीकडे निघालेली कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेली मोटारगाडी, सातपाटीच्या बंदरातून कित्येक दिवसांसाठी समुद्रात जाणारी मासेमारी बोट आणि ऐन उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांकडे चढत जाणारा टँकर ही तिन्ही वाहने दिसायला कितीही वेगळी असली, तरी पाण्याच्या दृष्टीने त्यांची अडचण एकच आहे. तिघांच्याही टाकीत दुसऱ्या कोणीतरी शुद्ध केलेले, किंवा शुद्ध केले असावे असे मानलेले, पाणी भरले जाते, ते उष्ण हवेत काही तास ते काही दिवस साठून राहते, आणि या काळात त्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले नसते. प्रस्तुत लेखात या फिरत्या टाक्यांच्या स्वच्छतेविषयी जे निश्चितपणे ज्ञात आहे त्याचा आढावा घेतला असून, विवेचनाचा मुख्य आधार कॅराव्हॅनची टाकी हा असला तरी बोट आणि टँकर यांना वगळून तो विषय पालघर जिल्ह्याच्या या प्रदेशात पुरा होत नाही.

वैतरणा खोरे या प्रश्नासाठी विशेष उद्बोधक ठरते, कारण साठवलेल्या पाण्याच्या कारभाराची दोन्ही टोके येथे एकाच नदीच्या काठी आढळतात. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळणाऱ्या या नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर मुंबईची तहान अवलंबून आहे: तानसा तलाव १८९२ साली, मोडक सागर १९५७ साली, अप्पर वैतरणा १९७३ साली आणि मध्य वैतरणा २०१४ साली कामी आला. हे पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून जाते, तेथे त्यात क्लोरीन मिसळला जातो, आणि पुढे जलवाहिन्या व सेवा जलाशय यांच्या साखळीत ठिकठिकाणी त्याची तपासणी होते. ज्या मोखाडा तालुक्याच्या हद्दीत यांपैकी सर्वात नवे धरण उभे आहे, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. तो टँकर बहुधा कोरड्या पडलेल्या गावविहिरीत रिकामा केला जातो आणि बायका तेच पाणी पोहऱ्याने पुन्हा उपसून घेतात. टँकरमध्ये भरताना पाण्यात जो काही क्लोरीन असेल तो विहिरीच्या तळाचा गाळ, कडेचे शेवाळ आणि पोहरे-दोर यांच्यावर खर्च होऊन जातो, आणि शुद्धीकरणासाठी झालेला सारा खर्च शेवटच्या पंधरा-वीस फुटांत वाया जातो. या व्यवस्थेतील अन्यायाची चर्चा अनेकदा झाली आहे आणि ती योग्यच आहे; तिच्यातील आरोग्याचा भाग मात्र तितका बोलला गेलेला नाही.

सुरक्षित उगमापासून घेतलेले पाणी वापराच्या क्षणीही सुरक्षित असेलच असे नाही, ही गोष्ट आता नुसती शंका राहिलेली नाही. विकसनशील देशांतील ५७ अभ्यासांचा एकत्रित विचार करणारे एक परीक्षण २००४ साली प्रसिद्ध झाले. उगमापासून घरातील भांड्यापर्यंतच्या प्रवासात पाण्याची जीवाणूविषयक गुणवत्ता अनेक ठिकाणी लक्षणीयरीत्या घसरते, आणि उगमाचे पाणी जितके स्वच्छ तितकी ही घसरण ठळक दिसते, असे त्यात आढळले. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथील अभ्यासाने, जो २०१३ साली प्रकाशित झाला, याला आणखी एक बाजू जोडली. तेथे शहराच्या काही भागांत चोवीस तास आणि उरलेल्या भागांत ठरावीक वेळेपुरते पाणी येत असल्याने दोन्हींची तुलना करता आली, आणि खंडित पुरवठ्याच्या नळांत दूषितता अधिक आढळली. विशेषतः पाणी सुटल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत येणारे पाणी सर्वात वाईट होते. याचे कारण सोपे आहे. नळ बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो, फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे पाणी आत शिरते, नळीच्या आतील थर सुटतात, आणि पाणी सुटताच हे सारे पहिल्या लोंढ्याबरोबर बाहेर येते. भारतातील बहुतांश गावे आणि शहरे खंडित पुरवठ्यावर जगतात, त्यामुळे कॅराव्हॅन असो वा बोट, टाकी भरणाऱ्याने पहिले पाणी काही मिनिटे वाहू द्यावे आणि मगच नळी टाकीत घालावी, हा नियम कॅराव्हॅनविषयक परदेशी पुस्तिकांत ठळक नसला तरी येथे तो पहिला मानला पाहिजे.

टाकी बंद झाल्यावर आत जे घडते ते समजून घेतल्याशिवाय स्वच्छतेचे कोणतेही वेळापत्रक अर्थपूर्ण होत नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात जंतू मारून झाल्यावरही जो क्लोरीन शिल्लक राहतो, त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. पुढील प्रवासात पाण्यात काही शिरलेच तर त्याचा बंदोबस्त करणारा हा राखीव साठा असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, हा मुक्त अवशिष्ट क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे तो किमान ०.५ मिलिग्रॅम असावा, असे सांगितले आहे. मात्र हा साठा टिकाऊ नसतो. ऊन, उष्णता, पाण्यातील सेंद्रिय कण, टाकीच्या भिंतीवरचा थर, लोखंडाचा गंज या प्रत्येकाकडून तो खाल्ला जातो. किनारपट्टीच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतील पाणी सहज तीस अंशांच्या वर जाते, आणि तेथे नळाच्या पाण्यातील थोडा क्लोरीन एक-दोन दिवसांतच संपू शकतो. त्यानंतरचे पाणी दिसायला तितकेच स्वच्छ, चवीला कदाचित अधिक गोड लागणारे, पण पूर्णपणे निराधार असते. क्लोरीनचा वास येत नाही म्हणून पाणी चांगले, ही महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी समजूत या दृष्टीने फार घातक आहे.

क्लोरीन संपला की जीवथराची वाढ वेगाने सुरू होते. जीवथर म्हणजे टाकीच्या आतील पृष्ठभागाला, रबरी नळीला, पंपाला आणि तोटीच्या जाळीला चिकटून राहणारा बुळबुळीत पापुद्रा, ज्यात जीवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात सुरक्षित बसलेले असतात. पाण्यात तरंगणाऱ्या जंतूंना मारणारी क्लोरीनची मात्रा या थरात खोलवर पोचत नाही. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून पुन्हा भरली, तर थर तसाच राहतो आणि नव्या पाण्याला काही तासांत आपल्यासारखे करून टाकतो. बोटीवरील पिंपाच्या आतून हात फिरवल्यावर जो गुळगुळीतपणा हाताला लागतो तो हाच थर होय, आणि तो घासल्याशिवाय जात नाही. कॅराव्हॅनमध्ये अडचण अशी की टाकीत हात जाईल एवढे झाकण अनेकदा नसते, आणि नळ्या तर उघडताच येत नाहीत. म्हणून तेथे घासण्याचे काम काही अंशी अधिक मात्रेच्या क्लोरीनकडून आणि वेळेकडून करून घ्यावे लागते.

या टाक्यांमुळे होणाऱ्या आजारांचे तीन गट पडतात, आणि तिन्हींचा मार्ग वेगळा असल्याने एकाच उपायाने ते आटोक्यात येत नाहीत. पहिला गट विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या रोगजंतूंचा: पटकी, विषमज्वर, हगवण आणि हिपॅटायटिस ए व ई प्रकारची कावीळ. यांपैकी हिपॅटायटिस ईचा धडा भारतानेच जगाला दिला. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतील पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरल्यानंतर सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. पाण्यातील क्लोरीन वाढवण्यात आला होता, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण यांची साथ उसळली नाही, पण कावीळ रोखता आली नाही. ही साथ हिपॅटायटिस ईची होती हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. गढूळ आणि मलयुक्त पाण्यात क्लोरीन ओतून मोकळे होता येत नाही, हा त्याचा अर्थ पावसाळ्यात नदीकाठच्या विहिरीतून टाकी भरणाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे. असे पाणी आधी तुरटीने निवळवावे, वरचे निवळलेले पाणी अलगद काढून घ्यावे आणि मगच क्लोरीन घालावा, हा जुना क्रम शास्त्रीय दृष्ट्याही बरोबर आहे. आणि शंका उरली तर पिण्यापुरते पाणी खळखळून उकळणे याला अजूनही पर्याय नाही.

दुसरा गट श्वासावाटे होणाऱ्या संसर्गाचा असून भारतात त्याची जाणीव फारच कमी आहे. लेजिओनेला हा जीवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, जीवथरात आश्रय घेतो, आणि शॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे फुप्फुसात जाऊन गंभीर न्यूमोनिया घडवू शकतो. फिलाडेल्फियातील एका हॉटेलात १९७६ साली झालेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर त्याची ओळख पटली. थंड देशांतील पुस्तिकांत या धोक्याचा संबंध मुख्यतः कोमट राहिलेल्या हीटरशी जोडला जातो. पालघरच्या किनाऱ्यावर मात्र थंड पाण्याची टाकीसुद्धा वर्षातील बराच काळ याच तापमानात असते. त्यामुळे टाकीतले पाणी आपण पीत नाही, पिण्यासाठी बाटल्या घेतो, असे समाधान मानणारा कॅराव्हॅनमालक अर्धाच सुरक्षित असतो. दात घासणे, भाजी धुणे आणि आंघोळ या तिन्ही गोष्टी त्याच पाण्याने होतात. गाडी आठवडाभर वापरात नसेल तर प्रथम खिडक्या उघडून, शॉवरची मूठ काढून किंवा ती बादलीत बुडवून, काही मिनिटे पाणी वाहू द्यावे म्हणजे तुषार उडत नाहीत.

तिसरा गट डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो, ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटवतो, आणि ही अंडी कोरड्या अवस्थेत महिनोन् महिने जिवंत राहतात. पाणी लागताच आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याच्या आरोग्य खात्याच्या आवाहनामागे हाच हिशेब आहे, पण टाकी नुसती उपडी करून भागत नाही, भिंत घासावीच लागते, हा भाग त्या आवाहनातून अनेकदा निसटतो. बोटीवरील उघड्या पिंपांना आणि टँकरच्या सैल झाकणांना हे विशेष लागू आहे; कॅराव्हॅनच्या बंद टाकीत डास शिरण्याचा एकमेव मार्ग म्हणजे हवा येण्याजाण्यासाठी ठेवलेली नळी, आणि तिला बारीक जाळी बसवली की तो बंद होतो.

पाणी कोठून भरावे या प्रश्नाला पालघर-बोईसर परिसरात एकच उत्तर नाही. सूर्या नदीवरील योजनांचे शुद्ध केलेले नळाचे पाणी मिळत असेल तर ते सर्वात बरे, कारण त्यात निदान थोडा क्लोरीन असतो. केळवे, सातपाटी, डहाणू या किनाऱ्यावरील विहिरी आणि कूपनलिका उन्हाळ्यात मचूळ होतात, कारण गोड्या पाण्याची पातळी उतरली की समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकते. असे पाणी जंतुमुक्त करता येते, पण त्यातील क्षार क्लोरीनने जात नाहीत, आणि पंप व हीटर यांचे आयुष्य ते निश्चितपणे घटवते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात प्रश्न अधिक गंभीर आहे. तेथील रासायनिक सांडपाण्यामुळे खाड्या आणि किनारा यांच्यावर झालेल्या परिणामांविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, ही नोंद सार्वजनिक आहे. अशा पट्ट्यातील अज्ञात कूपनलिकेचे पाणी टाकीत घेऊच नये, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे. क्लोरीन, उकळणे किंवा अतिनील किरण यांपैकी कोणताही उपाय विरघळलेल्या रसायनांवर चालत नाही, आणि उकळल्याने तर जड धातूंचे प्रमाण पाणी आटल्यामुळे थोडे वाढतेच.

याच पट्ट्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न टाकीच्या साहित्याचा आहे. कारखान्यांतून बाहेर पडणारे निळे प्लास्टिकचे ड्रम भंगारात स्वस्त मिळतात आणि घरात, शेतात, कधी बोटीवरही पाण्यासाठी वापरले जातात. पॉलिएथिलीन हे प्लास्टिक सेंद्रिय द्रावके स्वतःत शोषून घेते आणि नंतर ती हळूहळू पाण्यात सोडत राहते, म्हणून साबण, राख किंवा ब्लीचिंग पावडर यांपैकी कशानेही असा ड्रम पिण्याच्या पाण्यास योग्य होत नाही. गरीब घराला नवी टाकी परवडत नाही हे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ उपदेशाने सुटणारा नाही. वापरलेले रासायनिक ड्रम छिद्र पाडूनच भंगारात जातील एवढी शिस्त कारखान्यांच्या दारातच लागली पाहिजे. नव्या टाकीसाठी पॉलिएथिलीन टाक्यांचे आयएस १२७०१ हे मानक पाहावे, आणि गाडी वा बोटीसाठी अन्नयोग्य प्लास्टिक किंवा चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील निवडावे. टाकी अपारदर्शक असावी, कारण उजेड मिळाला की शेवाळ वाढते. भरण्याची नळी वेगळी, केवळ पिण्याच्या पाण्यासाठी राखलेली असावी. वापरून झाल्यावर ती निथळवून, दोन्ही तोंडे जोडून ठेवावी, आणि सांडपाण्याच्या टाकीजवळ ती कधीही नेऊ नये. बागेची साधी रबरी नळी स्वस्त पडते, पण उन्हात तापल्यावर तिच्यातील मऊपणा देणारी द्रव्ये पाण्यात उतरतात.

आता प्रत्यक्ष निर्जंतुकीकरणाकडे वळता येईल. फिरत्या टाकीसाठी जगभर जो क्रम स्थिरावला आहे तो असा की टाकी पूर्ण रिकामी करावी, पाण्याच्या मार्गातील गाळण्या काढून ठेवाव्यात, हीटरला वळसा घालण्याची सोय असेल तर ती वापरावी, टाकी शक्य तितकी घासून घ्यावी, आणि मग पाण्याने भरून त्यात दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल एवढे द्रावण घालावे. या मात्रेचा हिशेब सोपा आहे. बाजारात मिळणारे, सुगंध आणि साबण नसलेले, ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण असेल तर टाकीच्या दर लिटरमागे १ मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर लागते. हे द्रावण आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओतावे. त्यानंतर स्वयंपाकघर, न्हाणी आणि शौचालय येथील प्रत्येक तोटी, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडी ठेवून बंद करावी, म्हणजे द्रावण नळ्यांच्या टोकापर्यंत पोचते. ही पायरी टाळली तर टाकी स्वच्छ होते आणि नळ्यांतील थर जसाच्या तसा राहतो. किमान चार तास पाणी तसेच ठेवून, शक्य असल्यास गाडी थोडी चालवून पाणी हिंदकळू द्यावे. स्टीलच्या टाकीत हे द्रावण रात्रभर ठेवू नये, कारण क्लोरीन स्टीललाही खातो. शेवटी सारे पाणी काढून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने टाकी आणि नळ्या धुवाव्यात. काढलेले पाणी खाडीत, विहिरीजवळ किंवा वाडीतील झाडांच्या मुळाशी सोडू नये; उघड्या पिंपात एक-दोन दिवस उन्हात ठेवले की त्यातील क्लोरीन उडून जातो. क्लोरीनच्या द्रावणात व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा शौचालयाचे आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. क्षारांचा थर काढायचा असेल तर ते काम वेगळ्या दिवशी, टाकी पूर्ण धुतल्यावर करावे. टँकर किंवा इमारतीच्या मोठ्या टाकीत माणसाला उतरावे लागते तेव्हा बंद जागेतील हवा आणि ब्लीचिंगचा वाफारा यांचा धोका लक्षात घेऊन वर दुसरा माणूस आणि दोर असल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये.

ग्रामीण महाराष्ट्रात क्लोरीन म्हणजे टीसीएल पावडर, अर्थात ब्लीचिंग पावडर, हेच समीकरण आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. या हिशेबाने १०० लिटरच्या टाकीला वरील मात्रेसाठी १५ ग्रॅम पावडर लागते. परंतु दमट किनारी हवेत, पोते उघडे राहिले तर, ही ताकद झपाट्याने उतरते, आणि जुन्या पावडरीवर विसंबून केलेले शुद्धीकरण नावापुरतेच उरते. शिवाय पावडरीत चुना असतो. विहिरीत किंवा गावच्या टाकीत त्याने बिघडत नाही, पण कॅराव्हॅनच्या बारीक नळ्यांत, पंपाच्या झडपांत आणि शॉवरच्या छिद्रांत तो अडकतो. म्हणून पावडर वापरायचीच असेल तर बादलीत कालवून अर्धा तास स्थिर ठेवावी आणि वरची निवळ तेवढी टाकीत घालावी. रोजच्या वापराच्या पाण्यासाठी मात्रा अर्थातच फार कमी असते. दर लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे १०० लिटरला ५ टक्के द्रावणाचे ४ मिलिलिटर घालून अर्धा तास थांबावे, आणि मग तपासणी करावी. पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता मोजणारे परिमाण, ७.५ च्या वर जाऊ लागला की क्लोरीनचे अधिक परिणामकारक रूप कमी होत जाते. खडकातील कूपनलिकांचे पाणी अनेकदा असे असते, तेव्हा थांबण्याचा वेळ दुप्पट करणे शहाणपणाचे.

तपासणी शेवटच्या तोटीवर केली पाहिजे, टाकीच्या तोंडाशी नव्हे, हा या साऱ्या विवेचनातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. टाकीत किती क्लोरीन घातला यापेक्षा नळीच्या टोकाला किती उरला हेच सुरक्षिततेचे माप होय. ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षे चालत आलेली ओटी चाचणी, ज्यात ऑर्थोटोलिडिन या द्रावणाच्या थेंबांनी पाणी पिवळे होते, स्वस्त आणि सोपी आहे. परंतु ते रसायन आरोग्यास घातक मानले जाते, आणि जरा उशिरा रंग पाहिला तर पाण्यातील इतर द्रव्यांशी जोडला गेलेला दुबळा, संयुक्त क्लोरीनही मुक्त क्लोरीन म्हणून मोजला जातो. पाणी गुलाबी करणारी डीपीडी चाचणी अधिक विश्वासार्ह आहे आणि तिच्या गोळ्या वा पट्ट्या आता सहज मिळतात. मलजन्य दूषितता ओळखण्यासाठी चाचणीची एक तयार कुपी पुरते: आत पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर पाणी पिण्यास अयोग्य. हायड्रोजन सल्फाइड वायूवर आधारलेली ही चाचणी ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केली आणि नंतर ती अनेक देशांत वापरली गेली. रसायनांची शंका असेल तेव्हा मात्र घरगुती चाचण्यांवर न थांबता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

गाळण्या आणि शुद्धीकरण यंत्रे यांच्याविषयी बाजारात जेवढा गाजावाजा आहे तेवढी स्पष्टता नाही. आरओ यंत्र क्षार काढते, अतिनील दिवा जंतू मारतो, पण दोन्हींतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन नसतो. म्हणून आरओचे पाणी टाकीत किंवा वीस लिटरच्या जारमध्ये भरून दोन-तीन दिवस वापरणे हे नळाचे क्लोरीनयुक्त पाणी साठवण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. कार्बनची गाळणी क्लोरीन शोषून घेते. ती टाकी भरण्याच्या तोंडाशी बसवली तर टाकी निराधार होते, ती पिण्याच्या तोटीलगत बसवली तर वास जाऊन संरक्षण मात्र तोटीपर्यंत टिकते. भरण्याच्या तोंडाशी गाळ अडवणारी साधी गाळणी पुरेशी आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जीवाणू घटतात हे प्रयोगांनी दाखवले आहे, आणि पिण्याच्या कळशीपुरता तो उपाय चांगला आहे. शंभर लिटरच्या टाकीला तो लागू करता येत नाही.

वेळापत्रक ठरवताना परदेशी पुस्तिकांतील दर सहा महिन्यांचा नियम जसाच्या तसा घेण्यात अर्थ नाही, कारण तो थंड हवेसाठी आणि चोवीस तास दाबाने येणाऱ्या पाण्यासाठी बेतलेला आहे. या किनाऱ्यावर तीन महिन्यांचे अंतर अधिक योग्य ठरेल, आणि त्याखेरीज गाडी दोन आठवडे उभी राहिली, शंकास्पद ठिकाणी पाणी भरले किंवा पाण्याला वास आला, तर लगेच. बोटींना निसर्गानेच एक मुहूर्त दिलेला आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, लाकूडकाम होते, इंजिने उघडली जातात. याच कामांच्या यादीत पाण्याची टाकी उघडणे, घासणे, पहिल्या फेरीआधी क्लोरीनने धुणे हे जोडले गेले, तर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, किंवा खलाशांना वेगळा दिवस काढावा लागत नाही. भर समुद्रात एखाद्या खलाशाला जुलाब लागले तर बर्फ, डिझेल आणि मेहनत खर्च करून काढलेली फेरी अर्ध्यावर सोडावी लागते, म्हणून या कामाचा हिशेब आरोग्याइतकाच पोटापाण्याचाही आहे.

विमाने आणि जहाजे यांच्या बाबतीत हा प्रश्न इतरत्र नियमांच्या कक्षेत आला आहे. अमेरिकेत २००९ च्या नियमाने प्रवासी विमानांच्या टाक्यांचे ठरावीक काळाने निर्जंतुकीकरण आणि जीवाणू-तपासणी बंधनकारक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जहाज-स्वच्छता मार्गदर्शिकेत पाणी भरण्याच्या बंदरापासून तोटीपर्यंतची प्रत्येक पायरी सांगितली आहे. महाराष्ट्रातही गावपातळीवर अशी एक चौकट आहे: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे पाण्यात टीसीएल घालण्याची आणि ओटी चाचणीची जबाबदारी असलेला माणूस, आणि स्रोतांच्या पाहणीनंतर गावाला मिळणारे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड. ही चौकट गावच्या विहिरीपाशी आणि टाकीपाशी थांबते. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले तेव्हापासून अशा गाड्या आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागा वाढाव्यात अशी अपेक्षा आहे. तेव्हा मुक्कामाच्या प्रत्येक जागी पाणी भरण्याची तोटी सांडपाण्याच्या जागेपासून दूर असावी, तोटीला पाणी उलट शिरू न देणारी झडप असावी, आणि त्या दिवशी मोजलेला अवशिष्ट क्लोरीन तेथेच फळ्यावर लिहिलेला असावा, एवढी मागणी अवाजवी नाही. हाच फळा सातपाटीच्या धक्क्यावरील नळाला आणि मोखाड्याला जाणाऱ्या टँकरच्या पाठीलाही हवा. टँकरच्या बाबतीत तर आणखी एक पाऊल टाकता येईल: पाणी विहिरीत न सोडता पाड्यावर ठेवलेल्या, झाकणाच्या आणि तोटीच्या टाकीत भरावे, आणि त्या टाकीच्या तोटीवरची चाचणी जलसुरक्षकाच्या नोंदवहीत रोजच्या रोज लिहिली जावी.